चुका करण्याचा तास

काटकोन सरांकडून सातवीची भूमिती काढून घेतली आणि बदल्यात कल्पकतेचा तास दिला, तेव्हा सरांचं तोंड भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसासारखं झालं. काटकोन हे नाव पोरांनी ठेवलेलं. सर व्हरांड्यात वळत तेसुद्धा नव्वद अंशांत, आणि बोलत तेही आखल्यासारखं.

"निवडक हुशार मुलं आहेत," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "परीक्षेत वरचे नंबर काढणारी. त्यांची कल्पकता फुलवायची."

"कशी?"

"ते तुम्ही बघा. पुढच्या महिन्यात वरून तपासणीच्या बाई येणार आहेत. तास त्यांच्या पसंतीला उतरला, तर तुमची भूमिती तुम्हाला परत. नाहीतर ती गायनाच्या बाईंकडेच राहील."

गायनाच्या बाई प्रमेयाला चाल लावत, आणि ते भिंतीपलीकडून ऐकू येई. भूमितीवर सरांचा जीव होता. तिच्यासाठी ते काहीही करायला तयार झाले.

पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येकाला पुठ्ठ्याचं एकेक खोकं दिलं. "याचं काहीही करा," ते म्हणाले.

मुलांनी पेनं काढली. "काहीही म्हणजे नक्की काय, सर?" कायम पहिली येणाऱ्या मुलीनं विचारलं. तिला सगळे पहिली म्हणूनच ओळखत. मागून दुसरा प्रश्न आला, "मापं किती घ्यायची?" तिसऱ्याला हे परीक्षेत येणार आहे का, ते हवं होतं. सरांनी बराच वेळ धीर धरला आणि शेवटी त्यांच्या तोंडून गेलं, "आता, उदाहरणार्थ, होडी."

पुढच्या तासाला टेबलावर होड्याच होड्या. सगळ्यांना शीड, शिडाला सारखाच निळा रंग. मधल्या सुट्टीत एका मुलाचे वडील आले. पेशानं दातांचे डॉक्टर, त्यामुळे समोरच्याला तोंड उघडू द्यायची सवय होती, पण बोलू द्यायची नव्हती.

"सर, आमच्या होडीला शाबासकी नाही मिळाली. काही चुकलं असेल तर नमुना दाखवा. आम्ही बसून पुन्हा करतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि ही. म्हणजे, त्याची आई. तो झोपतो लवकर."

सर गणिताचे माणूस. त्या दिवशी घरी जाता जाता त्यांनी कोडं सोडवलं. ही पोरं अंधाराला भीत नाहीत, मारक्या गायीला भीत नाहीत, भितात फक्त चुकायला. मग औषध तिथंच लावायचं. दुसऱ्या दिवशी ते वर्गात म्हणाले, "आजपासून चुका करायच्या. मुद्दाम. ज्याची चूक सगळ्यात चांगली, त्याला शाबासकी."

"फक्त या तासाला" हे तीन शब्द मात्र सांगायचे राहून गेले. दुसऱ्या कुठल्या वर्गात ते चाललंही असतं. पण ही आज्ञाधारक मुलं होती. सरांनी चुका करा म्हटल्यावर त्यांनी झाडून सगळ्या विषयांत चुका केल्या, सुवाच्य अक्षरात आणि समास सोडून.

आठवड्याभरात चाचणी परीक्षा झाली आणि शिक्षकांच्या खोलीत धुरळा उडाला.

"पाणी कधी उकळतं, असं विचारलं," विज्ञानाच्या बाई पेपर नाचवत म्हणाल्या, "तर म्हणे, त्याचा अपमान झाल्यावर."

"माझ्याकडे राजा युद्ध का हरला, तर शत्रू वेळेवर आला म्हणून," इतिहासाचे सर म्हणाले. त्यांना हसू येत होतं, पण ते दाबून ठेवत होते.

"आणि हा निबंध," मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या, "मी मुख्याध्यापिका झाले तर. दोन ओळींचा आहे. दुसऱ्या ओळीत राजीनामा."

तेवढ्यात पहिलीची आई आली. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली होती. सरांनी खाली मान घातली.

"परीक्षेच्या सकाळी ही दर वेळी उलट्या करायची, सर," आई म्हणाली. "या खेपेला दोनदा मागून जेवली आणि गुणगुणत शाळेत आली. आता तुमच्याशी भांडू की तुमचे आभार मानू, ते सांगा."

उत्तर मुख्याध्यापिकांनीच दिलं. "आत्ताच्या आत्ता वर्गात जा आणि चुका बंद करा," त्या म्हणाल्या. पण सर वर्गात पोचले तेव्हा तपासणीच्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसलेल्या होत्या. मुख्याध्यापिका धापा टाकत मागून आल्या आणि दाराशीच थबकल्या.

"मीच विचारू का काही?" तपासणीच्या बाई म्हणाल्या. "सांगा, पक्षी का उडतात?"

सरांना भूमिती हातची जाताना दिसली.

"चालून पाय दुखतात म्हणून," एक जण म्हणाला.

"जिना चढायचा कंटाळा."

"खाली मांजर असतं."

बाईंनी चष्मा काढला. तेव्हा पहिली उठली. "बाई, ही सगळी उत्तरं चुकीची आहेत. पण मांजराची चूक चांगली आहे. काही बेटांवर पक्ष्यांना खाणारं कुणी नव्हतंच. तिथले काही पक्षी उडायचं सोडून बसले. मी वाचलंय. पण ते कुणी विचारतच नाही."

मग त्या बेटांवर मांजर नेलं तर ते पक्षी पुन्हा उडतील का, यावर वाद जुंपला. तपासणीच्या बाई दोन्ही बाजूंनी भांडल्या. निघताना त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "असा तास मी पाहिला नव्हता." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमची खूप दिवसांची तयारी होती."

सोमवारी सर आपल्या सातवीत परतले. ही साधी सातवी होती, हुशारांच्या यादीत इथलं कुणी नव्हतं. सरांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?"

"एकशेऐंशी अंश," वर्ग सुरात म्हणाला, शेवटी एक हलकी तानही घेतली.

उत्तर बरोबर होतं. तरी सरांना ते कसंसंच लागलं. "बरं," त्यांच्या तोंडून गेलं, "आता चुकीचं उत्तर कोण देतं?"

या वर्गाला त्याचा सराव लहानपणापासूनचा होता. उत्तरांचा पाऊस पडला. शेवटच्या बाकावरची मुलगी सगळे थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "जास्त भरते, सर."

"किती जास्त?"

"ते त्रिकोण केवढा यावर आहे. कागदावर नाही, चेंडूवर काढायचा. तिथं कोन फुगतात. मी खडूनं काढून मोजलेत."

सर फळ्यापाशी थांबले. कॉलेजात एका जाड पुस्तकाच्या शेवटच्या धड्यात त्यांनी हेच वाचलं होतं, आणि परीक्षेला नाही म्हणून सोडून दिलं होतं.

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"शाळा सुरू झाली तेव्हाच सांगितलं होतं, सर. तुम्ही मला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं होतंत."

सरांनी हातातला खडू तिला दिला, एका मुलाला चेंडू आणायला पिटाळलं आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसले. बाक बुटका होता, गुडघे हनुवटीला लागत होते.

"सांग," ते म्हणाले. "जरा सावकाश सांग, म्हणजे मला कळेल."