तात्यांचा खालचा मेंदू

कुणी पोराच्या मानेवर फटका मारला, की आमचे तात्या त्याच्या अंगावर धावून जात. "पाठीत मार, गालावर मार, तिथं न्हाई! तिथं खालचा मेंदू हाय!" पोराला मारूच नये, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. जागा चुकू नये, एवढंच.

देहूरोडच्या छावणीतल्या दवाखान्यात ते मलमपट्टी करत, मी तिथंच कारकून. घरंही शेजारी. लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली होती. लढाईत त्यांनी डोक्याला गोळी लागलेला एक शिपाई सांभाळला होता. तो नऊ दिवस श्वास घेत होता, पेज गिळत होता. पण कानाशी आईचं नाव घेतलं तरी त्याची पापणी हलली नाही. वरचा मेंदू गेलाय, मानेजवळचा खालचा तेवढा चालतोय, असं डॉक्टरसाहेबांनी समजावलं आणि तात्यांना कायमचा विषय मिळाला. "श्वास, काळीज, घास गिळणं, समदं खालच्याचं काम. वरचा नुसता मिरवतो, राव."

भर उन्हाळ्यात ते मानेला मफलर गुंडाळत. एकदा पट्टी बांधायला आलेल्या थेरगावच्या पैलवानाला त्यांनी श्वास कोंडायला लावला. गडी लालबुंद झाला आणि शेवटी धापा टाकू लागला. "बघा! एवढी ताकद, पन खालच्यानं इचारलं का?" पुढची पट्टी पैलवानानं दुसऱ्याकडून बांधून घेतली.

मग तात्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, झटका आला. अंग लुळं पडलं, वाचा गेली, नजर आढ्याला लागली. तात्या नोकरी सोडून घरी बसले आणि चमच्यानं पेज भरवू लागले. शेजारच्या बायका म्हणत, "तुमच्या हातचं गिळतात. ओळखतात हो तुम्हाला."

"न्हाई," तात्या म्हणत. "ते खालच्याचं काम."

मला त्यांचा रागच यायचा. दुसऱ्याला खोटा धीर देऊ नये हे खरं. पण बायकोच्या बाबतीत माणसानं थोडा घ्यावा की.

एका दुपारी मी ताक घेऊन गेलो. तात्या पलंगाच्या उजव्या अंगाला स्टुलावर बसून भरवत होते. काकू गिळत होत्या, नजर तशीच. मला राहवलं नाही.

"तात्या, आत्ता काकूंनी तुमच्याकडं बघितलं."

धडधडीत खोटं. आता तासभर व्याख्यान ऐकावं लागणार, असं मी धरून चाललो. पण तात्यांचा चमचा हवेतच थांबला.

"खरं? कुठल्या डोळ्यानं?"

"डाव्या," मी म्हणालो.

तात्या उठले. स्टूल उचलून, पलंगाला वळसा घालून, डाव्या बाजूला जाऊन बसले.