लाल चौकोनातले पप्पा

आंबी गावच्या अंगणवाडीत पालकसभेला आलेला प्रदीप हा एकमेव बाप होता. सेविका मंगलताई म्हणाल्या, "लहानपणी मेंदू वाढतो तो खेळातून. घरी पोरांबरोबर खेळा." बायांनी माना डोलावल्या. प्रदीपला मात्र ते मनाला लागलं. शिफ्ट करून आलेल्या बापाला पाहिलं की त्याची साडेतीन वर्षांची सम्यका आईच्या मागं लपायची. पाहुण्याला लाजावं तशी ती सख्ख्या बापाला लाजायची, आणि याचं त्याला फार वाईट वाटायचं.

प्रदीप नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. आपल्यासारख्या शिकलेल्या बापांना साधं 'खेळा' म्हटलेलं कळत नाही, आधी व्यवस्था लागते. त्याने तळेगावातून रंगीत चिकटपट्टीचे रोल आणले आणि सुट्टीच्या दिवशी घरभर कारखान्यासारख्या रेघा मारल्या. इथे ठोकळे, तिथे कोडी, मधून चालायला पिवळी वाट आणि कोपऱ्यात मोडक्या खेळण्यांसाठी लाल चौकोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्यकाने ठोकळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्या रेघा कशाला?" तिने विचारलं.

पोरीने आपणहून काही विचारलं, म्हणून प्रदीप हरखला. "पिवळ्या वाटेनंच चालायचं. लाल चौकोनात रिजेक्ट माल. तपासल्याशिवाय तिथून काही हलवायचं नाही."

सम्यकाने डोक्यावर पातेलं घातलं, हातात पळी घेतली आणि कामावर रुजू झाली.

पहिले सापडले आबा, प्रदीपचे वडील. "बाय, मला मोरीत जायाचंय."

"रेघंवरनं जायाचं न्हाई. वाटंनं जावा."

आबांनी वाट धरली. ती ठोकळ्यांना वळसा घालून टीव्हीपाशी गेली आणि पुन्हा आबांच्या खाटेकडे आली. मोरीपर्यंत वाट न्यायला प्रदीप साफ विसरला होता. स्वयंपाकघरापर्यंतही. त्यामुळे गरम भाकरी घेऊन त्याची बायको रेणुका तिकडेच अडकली.

"अहो, तुमच्या इन्स्पेक्टरला सांगा काहीतरी!"

"परद्या, घाई हाय रं!" आबा कळवळले.

प्रदीप समजूत घालायला पुढे झाला आणि त्याचा पाय रेघेवर पडला.

"पप्पा, तुमी रेघ मोडली. रिजेक्ट!"

एक चाक गेलेली मोटार आणि हात तुटलेली बाहुली यांच्याशेजारी प्रदीप लाल चौकोनात मांडी घालून बसला. मंगलताई घरभेटीला आल्या, त्यांनाही उंबऱ्यातच थांबवलं गेलं.

"काय खेळताय, भाऊ?"

"खेळत नाही हो ताई, अडकलोय."

ताईंनी पोरीकडे पाहिलं. "केवढं डोकं चालवतीय बघा! स्वतः साहेब झाली, नियम पाळायला लावतीय."

"माझा लेआउट कसा वाटला?" प्रदीपने चौकोनातूनच विचारलं.

"ठोकळ्यांना हात तरी लागलाय का?" ताई म्हणाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. प्रदीप काकुळतीला आला. "सम्यका, तपास ना गं लवकर! बस चालली."

सम्यका चौकोनात शिरली. तिने बापाचे दात पाहिले, कान ओढले, गुडघ्यावर पळी वाजवली. ती संधी साधून आबांनी साऱ्या रेघा ओलांडून मोरी गाठली. तिचं लक्षही गेलं नाही.

"खराब हायेत," ती म्हणाली. "दुरुस्त करायचं." आणि ती त्याच्या मांडीवर बसली. पातेल्यासकट.

हॉर्न पुन्हा वाजला आणि बस निघून गेली. प्रदीप हलला नाही. त्याने जपून खिशातून फोन काढला.

"साहेब, आज येता येणार नाही. घरी रिजेक्ट झालोय. दुरुस्ती चाललीय."

"कसली दुरुस्ती? किती वेळ लागणार?"

प्रदीपने फोन बाजूला धरून हळूच विचारलं, "बाई, किती वेळ लागंल?"

सम्यकाने त्याचं नाक पिळून पाहिलं आणि विचार केला.

"लय."

"साहेब," प्रदीप फोनवर म्हणाला, "लय लागंल म्हणतायत."