दुखत नसल्याची तक्रार

हाताला लावलेली सलाईन थेंब थेंब ठिबकत होती, पोटावर बांधलेल्या पट्ट्याची वायर शेजारच्या यंत्रात गेली होती, आणि पलंगावर उशांना टेकून बसलेली थोरली सिस्टरांना गाडी रिव्हर्समध्ये कशी लावायची ते शिकवत होती.

"हा औषधांचा ट्रे म्हणजे फूटपाथ. हे दोन कापसाचे डबे म्हणजे उभ्या गाड्या. हे थर्मामीटर तुमची गाडी. आता आरशात बघा."

"आरसा कुठाय?"

"मनातला हो. आणि स्टेअरिंग एकदम पूर्ण फिरवू नका, तिथंच सगळे फसतात."

सिस्टर लायसन्सच्या परीक्षेत दर वेळी तिथंच फसत असत, त्यामुळे त्या जिवाचा कान करून ऐकत होत्या. थोरली मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. समोरून ट्रक येत असताना ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या माणसांच्या शेजारी इतकी वर्षं बसल्यावर तिला कशाचीच फारशी भीती उरली नव्हती. यंत्रातून निघणाऱ्या कागदी पट्टीवरची रेघ चढायला लागली तशी सिस्टरांनी थर्मामीटर खाली ठेवलं.

"ही बघा, कळ. चांगली मोठी आहे."

"हो? आली का?"

"आली, आणि गेलीसुद्धा."

पाठीत दिलेल्या इंजेक्शनची ही करामत होती. तारीख उलटली तरी बाळ आत खुशाल मुक्काम ठोकून बसलं होतं, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, की आता वाट बघण्यात अर्थ नाही, औषध देऊन कळा आणू. हे कळताच नात्यातल्या सगळ्या बायकांनी थोरलीला फोन करून धीर दिला होता. तो धीर असा होता, की एखाद्या पहिलवानाचंही धाबं दणाणावं. आणि प्रत्येकीचा फोन एकाच वाक्यावर संपायचा, "पण तुझ्या मावशीनं सोसलं तसं कुणीच सोसलं नाही हो."

मावशीचं बाळंतपण हा घराण्याचा इतिहास होता. तीन दिवस कळा. त्यापुढे कुणाचंही दुखणं काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, मला फार त्रास झाला, की मावशी शांतपणे विचारायची, "किती दिवस?" आणि समोरची गप्प बसायची.

थोरलीने हे सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. पण धाकटीने ते दोन्ही कानांनी ऐकून पोटात ठेवलं होतं. थोरलीच्या पाठच्या या बहिणीला आठवा महिना लागला होता. तिचं ब्लडप्रेशर वाढायला लागलं होतं, आणि तिलाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बहुधा तुमच्याही कळा आणाव्या लागतील. त्या दिवसापासून ती पाचावर धारण बसल्यासारखी वागत होती. दवाखान्याचं नाव काढलं की रडायची. मागची तपासणी तिने सरळ बुडवली होती. "मी जाणारच नाही. बाळाला यायचं तेव्हा येईल," एवढंच तिचं म्हणणं. आणि ब्लडप्रेशर वाढलेलं असताना घरी बसणं म्हणजे जिवाशी खेळ, हे थोरलीला चांगलं ठाऊक होतं. स्वतःच्या बाळंतपणापेक्षा तिला धाकटीचाच घोर लागला होता.

म्हणून तिने बेत आखला होता. धाकटीने दुपारी यायचं, थोरलीच्या शेजारी बसायचं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं, की माणूस सलाईन लावूनसुद्धा हसतो, गप्पा मारतो आणि शाबूत राहतो.

बेत झकास होता. पण दुपारच्या आधी मावशी आली.

मावशी शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाली होती. तिचा आवाज निवृत्त झालेला नव्हता. ती दारात उभी राहिली, तिने पलंगाकडे पाहिलं, सलाईनकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"तू हसतेस?"

"या थर्मामीटरनं दोन्ही गाड्या उडवल्या, मावशी," थोरलीने सांगितलं.

"दुखत नाहीये?"

"पोटावर दाब आल्यासारखं वाटतं मधूनमधून. बाकी काही नाही."

मावशीने सिस्टरांकडे असं पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने ट्रे उचलला आणि त्या शेजारच्या खोलीतल्या पेशंटला बघायला गेल्या.

"मग औषध लागूच पडलेलं नाही," मावशीने निकाल दिला. "मी इतक्या जणींची बाळंतपणं काढलीत, हसत बसलेली बाई बाळंत झालेली मी बघितलेली नाही. आता हे दिवसभर ताटकळत ठेवतील आणि मग पोट कापतील."

"अगं, त्या यंत्रावर दिसतंय सगळं."

"यंत्राला काय कळतंय, ते कधी बाळंत झालंय? थांब, मी धाकटीला फोन करते. तिला कळू दे हा काय प्रकार आहे ते. तिला नको असल्या भानगडीत पडू द्यायला." आणि पर्समधला फोन चाचपत ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. हा फोन गेला की धाकटी कायमची हातची गेली.

खोलीच्या कोपऱ्यात तिचा नवरा खुर्चीत बसून होता. तो कार्टूनना आणि जाहिरातींना आवाज द्यायचा. दार करकरणं, बोट बुडणं, कुत्रं गुरगुरणं, सगळं एकटा. सध्या लहान मुलांच्या एका सिनेमात तो जखमी अस्वल झाला होता. इतका वेळ गप्प बसण्याची त्याला सवय नव्हती आणि काहीतरी उपयोगी पडावं म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता.

"सोपं आहे," तो हळूच म्हणाला. "त्यांना काय हवंय? विव्हळणं. दे थोडं. ऐकलं की समाधान होईल, फोन ठेवतील."

थोरलीला ते पटलं. तिने डोळे मिटले आणि विव्हळून पाहिलं. ते शेळीसारखं निघालं.

"पोटातून काढ."

"पोट बधिर आहे रे माझं." आणि तिला हसू फुटलं. बाहेर मावशीच्या फोनवरचे आकडे टुकटुक वाजायला लागले होते.

तेव्हा नवऱ्याने बाह्या सरसावल्या. पहिलं विव्हळणं त्याने बारीक आवाजात काढलं, अगदी बायकी. बाहेरची टुकटुक थांबली. दुसरं जरा खोल काढलं. बाहेरून मावशीचा प्रसन्न आवाज आला, "हां, आता कसं." इथेच त्याने थांबायला हवं होतं. पण कलावंताला दाद मिळाली की भान राहत नाही. तिसऱ्या वेळी त्याने छाती भरून श्वास घेतला आणि जखमी अस्वल मोकळं सोडलं.

मजल्यावरचं सगळं कामकाज थबकलं. मग एकदम पळापळ झाली. सिस्टर धावत आल्या, त्यांच्यामागून डॉक्टरबाई, त्यांच्यामागून चाकाची खुर्ची घेऊन वॉर्डबॉय. डॉक्टरबाईंनी पट्टी पाहिली, ती ठीक होती. बाळाचे ठोके ठीक होते. थोरली तोंडावर चादर धरून गदगदा हलत होती, ती हसतेय हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मग ओरडलं कोण?"

नवऱ्याने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. डॉक्टरबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"असा आवाज निरोगी माणसातून येत नाही," त्या म्हणाल्या. "बसा खुर्चीत."

तो "अहो, माझा धंदाच तो आहे" असं सांगायला गेला, पण अस्वलाने घशाचा पार बट्ट्याबोळ केला होता. तोंडातून नुसती हवा आली. ती ऐकून डॉक्टरबाई जास्तच गंभीर झाल्या. त्याला खुर्चीत घातलं, ब्लडप्रेशर मोजलं, आणि घाबरल्यामुळे ते खरोखरच वाढलेलं निघालं. आजच्या दिवसात एक शब्दही बोलायचा नाही अशी तंबी देऊन त्याला कोपऱ्यातल्या रिकाम्या पलंगावर आडवं करण्यात आलं. थोरलीनेच त्याला आपल्या पलंगावरून धीर दिला. "होईल बरं. लांब श्वास घे."

आणि नेमक्या त्या अस्वलाच्या वेळेला लिफ्टचं दार उघडून धाकटी मजल्यावर आली होती. घरी बसवेना म्हणून ती लवकरच निघाली होती. तिने तो आवाज ऐकला, ताईच्या दाराकडे धावणारे डॉक्टर पाहिले, चाकाची खुर्ची पाहिली, आणि मटकन खाली बसली. मावशीने तिला उठवून बाकावर घेतलं. "बघितलंस ना? आणि ही तर नुसती सुरुवात आहे," मावशी म्हणाली. तिच्या मते हा धीरच होता.

दुपारी थोरली बाळंत झाली. सिस्टर सांगत होत्या तेव्हा ती जोर करत होती, थांबा म्हणाल्या की थांबत होती. इतकी वर्षं ती दुसऱ्यांना शेजारच्या सीटवरून सूचना देत आली होती, आज सूचना पाळताना तिला मजा वाटली. मग एक ओलं, गरम, रागावलेलं गाठोडं तिच्या छातीवर ठेवलं गेलं. मुलगी होती. थोरलीला इतका आनंद झाला, की तो कुठे ठेवावा हेच तिला कळेना. ती रडली, सिस्टर रडल्या, आणि कोपऱ्यातल्या पलंगावर नवरा आवाजाशिवाय ढसाढसा रडला.

पण धाकटी आत आली ती पांढरीफटक. तिने बाळाला पाहिलं, त्याच्या मुठीला बोट लावलं आणि ताईचा हात धरला.

"किती सोसलंस गं."

"काही सोसलं नाही. खरंच सांगते, छान झालं सगळं."

"मी ऐकलंय, ताई."

"ते तुझे भाऊजी होते."

धाकटीने करुण नजरेने तिच्याकडे पाहिलं. माझ्यासाठी ही बिचारी काय काय रचतेय, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. "भाऊजी, तुम्ही ओरडला होतात?"

नवऱ्याने जोरजोरात होकारार्थी मान हलवली आणि तोंड उघडलं. हवा आली.

"करून दाखवा ना मग."

पुन्हा हवा. सिस्टरांनी साक्ष दिली, पण धाकटी म्हणाली, पेशंटच्या घरच्यांना काय सांगायचं ते यांना शिकवलेलंच असतं. मग ती उठली. "मी नाही येणार दवाखान्यात. तपासणीला पण नाही. काय व्हायचं ते घरी होऊ दे."

थोरलीला आता मात्र रडू आलं, आणि हे आनंदाचं नव्हतं. एवढं सुखाचं बाळंतपण झालं आणि ते सांगितलं तर कुणी खरं मानत नाही. तिने मावशीकडे पाहिलं. "मावशी, तू तरी सांग तिला. तिचं काही बरंवाईट झालं तर?"

मावशी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. बराच वेळ ती चादरीची घडी सारखी करत राहिली. मग कवायतीच्या मास्तरणीला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाली, "धाकटे, बस. माझे ते तीन दिवस आहेत ना, त्यातले दोन दिवस मी झोपले होते."

कोपऱ्यातला नवरा पलंगावर उठून बसला.

"कळा कुठल्या यायला. उगाच घाबरून लवकर गेले होते. डॉक्टर म्हणाले, राहा दोन दिवस देखरेखीखाली. स्वयंपाक नाही, धुणं नाही, आयतं ताट समोर. लग्नानंतर पहिल्यांदा मी दुपारची झोपले. तिसऱ्या दिवशी मलाही ही अशीच सलाईन लावली, कळा आणल्या. दुखलं, नाही असं नाही, पण जेवायच्या आधी मोकळी झाले."

"मग तीन दिवस कळा?" धाकटीने विचारलं.

"सासूबाईंना काय सांगू? झोपले होते म्हणून? आणि एकदा सांगितल्यावर लोक इतका मान द्यायला लागले, की मागं घेववेना."

तेवढ्यात दारातून खोकल्याचा आवाज आला. मावशीचे यजमान, म्हणजे काका, बाळाला बघायला आले होते आणि केव्हाचे तिथे उभे होते. मावशीचा चेहरा उतरला. "अहो, तुम्ही ऐकलंत?"

"मला तेव्हाच माहीत होतं," काका म्हणाले. "तिथल्या आयाबाईंनी सांगितलं होतं, तुमची बायको झोपलीय, उगाच थांबू नका."

"मग तुम्ही तीन दिवस बाहेरच्या बाकावर जागून का काढलेत? डोळ्याला डोळा लागला नाही म्हणालात."

काकांनी जरा इकडेतिकडे पाहिलं. "घरी गेलो असतो तर आईनं कामाला लावलं असतं. बाक चांगला लांब होता."

मावशीने हळूहळू हिशेब जुळवला. "म्हणजे त्या जागरणाची भरपाई म्हणून आजपर्यंत मी तुम्हाला रोज दुपारी झोपू देतेय, फोनसुद्धा बंद करून ठेवते, ती झोप..."

"ती छान लागते," काका म्हणाले.

आधी धाकटीच्या नाकातून काहीतरी फुसकन आलं. मग ती हसायला लागली ती पोटाला हात धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कित्येक आठवड्यांत तिला असं कुणी पाहिलं नव्हतं. सिस्टरांनी तिला खुर्ची दिली, दंडाला पट्टा गुंडाळला आणि हसता हसता ब्लडप्रेशरही मोजून घेतलं. थोडं जास्त होतं, पण धाकटीने हात ओढून घेतला नाही.

"सिस्टर," ती डोळे पुसत म्हणाली, "माझी तारीख ठरली, की मी दोन दिवस आधीच येऊन राहिले तर चालेल?"

"हो, या की," सिस्टर कोपऱ्यातल्या पलंगाकडे पाहत म्हणाल्या. "फक्त बरोबर कोण येणार ते आधी कळवा. त्यांनाही तपासून घेऊ."