तीनशे बारा वेळा जेवण

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी जन्मात कधी तयार कपडा अंगावर चढवला नव्हता. त्यामुळे मुलीने फोनवर 'आपापल्या मापाचं' ॲप टाकून दिलं, तेव्हा ते खूश झाले. ॲप तिच्याच कंपनीचं. रंगीत ठोकळे जोडून 'असं झालं, तर तसं कर' एवढं सांगायचं. पुढचं फोन बघून घेतो.

"बाबा, तुम्हाला जमलं तर जगात कुणालाही जमेल," असं म्हणून ती आपल्या दूरच्या शहरात निघून गेली.

मास्तरांना जमलं. रोज दुपारी एकला तिचा निरोप यायचा, 'बाबा, जेवलात?' हातात सुई असताना कोण उत्तर देणार? त्यांनी ठोकळे जोडले: मुलीचा निरोप आला, तर 'जेवलो' पाठव. चार महिने मास्तर रोज वेळेवर जेवले. निदान फोनवर तरी. बायको गेल्यापासून एकट्यासाठी स्वयंपाक करायचं त्यांच्या जिवावर येई.

पण उत्तर जरा आखूड वाटायचं. शेवटी त्यांनी ते दोन बोटं वाढवलं: 'जेवलो. तू जेवलीस?'

दुसऱ्या दिवशी एकला नेहमीचा निरोप आला, हे उत्तर गेलं आणि लगेच फोन थरथरला. 'जेवले. तुम्ही?' पुन्हा थरथरला. 'जेवले. तुम्ही?' थरथरत तो मशीनच्या कडेवरून घसरला. धरायला वाकलेल्या मास्तरांचा पाय मशीनच्या पायडलवर पडला आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांच्या सदऱ्याची बाही शिवली गेली. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक दारात.

"मास्तर, कोट झाला?"

"झालाय. फक्त सध्या मीही त्यातच आहे."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, तीनशे बारा वेळा जेवलात! बरे आहात ना?"

"तूही तितकीच जेवलीस की... म्हणजे तुझेही ठोकळेच?"

"मीटिंगमध्ये असते हो मी... एकला विचारायचं आणि तुम्ही विचारलंत की 'जेवले' म्हणायचं, एवढंच लावलंय."

मास्तरांना राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. चार महिने दोन फोन एकमेकांची विचारपूस करत होते आणि रोज एक वाजता उगाच आपला जीव हरखत होता.

दोघांनी नियम उसवले. दुसऱ्या दिवशी निरोप सव्वा वाजता आला. उशिरा, म्हणजे हाताने लिहिलेला. मास्तरांनीही खरं तेच लिहिलं, 'नाही.' मिनिटभरात फोन वाजला.

"का नाही? घरात काय आहे? उठा आधी, मी फोन धरून बसते!" ती अर्धा तास रागावत राहिली आणि मास्तर ऐकत ऐकत जेवले.

त्याच्या पुढच्या दिवशी ते साडेबारालाच पोटभर जेवले, ढेकर दिला, हात पुसले आणि फोन समोर घेऊन बसले. सव्वा वाजता निरोप आला. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं, 'नाही.'

फोन वाजला.