पहिला कोआला कोणाला दिसला

प्राध्यापक अर्नेस्ट क्विनलन त्या रविवारी रेडिओ ऐकत घरीच बसले असते, तर गाडीची किल्ली आजही त्यांच्या खिशात असती. पण नाश्त्याच्या वेळी मुलगी ब्रिजेट म्हणाली, की बाबांची नजर आता गाडी चालवण्याजोगी राहिलेली नाही. आणि जन्मभर लॅटिन शिकवलेल्या माणसाला वाद जिंकायची खुमखुमी आली. (लॅटिनमध्ये वाद घालायला समोर कोणी उरलेलं नसतं, त्यामुळे ती साचून राहते.) ठरलं असं, की टॉवर हिलला, विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरातल्या रानात जायचं. पहिला कोआला अर्नेस्टना दिसला तर किल्ली त्यांची, नाहीतर ब्रिजेटची.

विवरातल्या रस्त्यावर अर्नेस्टनी गाडी गोगलगायीच्या चालीने हाकली. अखेर निलगिरीच्या एका बेचक्यात काहीतरी करडं, गोल असल्यासारखं वाटलं आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"कोआला," ते म्हणाले.

"लाकडाची गाठ आहे ती, बाबा."

पण तिथली रीतच अशी, की एक गाडी थांबली की मागच्यांनीही थांबायचं, उतरायचं आणि माना वर करायच्या. बघता बघता जत्रा जमली. एका बाईंना कान दिसले. एका गृहस्थांना पाठीवरचं पिल्लू दिसलं. एक दुर्बीणवाला म्हणाला, झोपलाय बिचारा, हळू बोला. आपल्याला दिसत नाही असं म्हणायला कोणीच पुढे येईना. शेवटी ब्रिजेटसुद्धा पुटपुटली, की असेल बुवा.

अर्नेस्ट जिंकले. जमलेल्यांना त्यांनी कोआलाच्या निद्रेवर छोटंसं व्याख्यानही दिलं. पण पुढे जेवायला उतरल्यावर तो विजय काही पचेना. बायको नोरीन तिचा तपकिरी, केसाळ कोट घालून बाकावरच्या टोपलीत वाकलेली त्यांना दिसली. अर्नेस्ट तिच्या मागे जाऊन हळूच बोलले. (प्राध्यापकांचं हळू शेवटच्या बाकापर्यंत पोचतं.)

"नोरीन, तुला म्हणून सांगतो. मला काहीएक दिसलं नव्हतं. सकाळपासून मी गाडीसुद्धा अंदाजानेच चालवतोय. ब्रिजेटला बोलू नकोस."

"नाही बोलणार," पाठीमागून नोरीनचा आवाज आला. "पण मी इकडे आहे, अर्नी. ब्रिजेटच्या शेजारी."

टोपलीत वाकलेल्या एमूने लांबलचक मान वर काढली, अंड्याचं सँडविच गिळलं आणि अर्नेस्टकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं.

"एवढंच सांग," नोरीन म्हणाली, "मी पाठमोरी अशी दिसते?"

या प्रश्नाला सुखरूप उत्तर लॅटिनमध्येही नाही. अर्नेस्टनी मुकाट्याने किल्ली ब्रिजेटच्या हातावर ठेवली.

निघण्याआधी ब्रिजेटने मुद्दाम आणखी एक फेरी मारली. ती गाठ बाबांना नीट दाखवायची होती. झाडाखाली गाडी थांबवून तिने वर पाहिलं, मग मान खिडकीबाहेर काढून पुन्हा पाहिलं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुमची गाठ वर चढतेय."

अर्नेस्टचा चेहरा उजळला. खिडकीच्या काचेला नाक लावून ते म्हणाले, "दिसतोय. अगदी स्वच्छ दिसतोय."

नोरीनने त्यांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड अलगद दुसऱ्या खिडकीकडे वळवलं.