पिशवी कुणाची?

"डॉक्टरांशी कसं बोलायचं ते माझ्याकडून शिका!" असं बाहेर बसलेल्या पेशंटांना सांगत बृहस्पती सर्जनच्या खोलीत शिरले. हे नाव त्यांना कचेरीने दिलं होतं. निवृत्त हेडक्लार्कला ते आशीर्वादासारखं वाटे. दिलं होतं शिवीसारखं!

सर्जनसाहेबांची नजर संगणकाच्या पडद्यावर होती. पेशंटकडे बघितलं तर फी कमी होते, अशी त्यांची श्रद्धा असावी.

"खडे झालेत. पिशवी काढून टाकू. दुर्बिणीतून. उपाशीपोटी या. काही शंका?"

"छे! शंका अडाण्यांना!"

बाहेर बाकावर बायको बसली होती. "काय म्हणाले?"

"पिशवी काढायची."

"माझी? अहो, माझी केव्हाच काढली!"

"तुझी नाही. माझी."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कुठून आली पिशवी?"

आता मात्र बृहस्पतींनाही तोच प्रश्न पडला. पण परत आत जाऊन विचारायचं? त्यापेक्षा मरण पत्करलं! "विज्ञान फार पुढे गेलंय," ते गंभीरपणे म्हणाले.

संध्याकाळी थोरली बहीण डोळे पुसतच आली. "आईने मरेपर्यंत लपवलं रे! तरीच तुला मिसरूड उशिरा फुटलं! आणि दुर्बिणीतून म्हणजे लांबून? माझ्या भावाला हात लावायची एवढी किळस?"

"हळू बोल, ताई!"

ताईचं हळू बोलणं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं. शेजारी विचारपूस करायला आले आणि बृहस्पतींकडे खालून वर बघून गेले. शेजारीणबाईंनी तर "या वयात जड उचलू नका हं," असा बायकी सल्लाही दिला. बृहस्पती रात्रभर आरशासमोर उभे राहून स्वतःची चौकशी करत होते.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाचं ऑपरेशन आहे, सांगा बघू."

"पिशवीचं," बृहस्पती पुटपुटले.

"बरं. सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"तीळभरही नाही! फक्त पेलाभर दूध. साय काढून!"

"दूध? उपाशी यायचं होतं ना!"

"दूध खात नाहीत बाई, पितात! व्याकरण कच्चं आहे तुमचं!"

"अहो, भुलीत ते दूध उलटून फुप्फुसात गेलं असतं, तर जीव गेला असता!"

व्याकरण चिडीचूप झालं. ऑपरेशन रद्द. सर्जनसाहेब तणतणत आले. "मी सांगितलं होतं! यांना समजलं होतं!"

"यांना जन्मापासून सगळं समजतं," बायको म्हणाली. "मला सांगा. पिशवी कसली?"

"पित्ताची! यकृताखाली असते. सगळ्यांनाच असते."

"आणि दुर्बीण?"

"पोटाला बारीक भोक पाडून नळी आत घालायची. तिच्या टोकाला कॅमेरा."

"हे पहिल्याच दिवशी सांगायला तोंड दुखत होतं?"

सर्जनसाहेबांनी नवी तारीख दिली आणि पळ काढला.

त्या तारखेला बृहस्पती दूध सोडाच, आवंढासुद्धा विचारून गिळत हजर झाले. पोटात कावळे ओरडत होते. स्वागतिकेने मान वर केली.

"आज? आज साहेब नाहीत. परिषदेला गेलेत, भाषण आहे त्यांचं."

"कशावर?" बायकोने विचारलं.

"'रुग्णाशी संवाद कसा साधावा.' का हो? तुम्हाला कुणी कळवलं नाही?"