दोरीचा बंदोबस्त

"कंपास कुठंय?" शिक्षण खात्याच्या तपासनीस बाईंनी विचारलं. भिंगरीनं आईकडे पाहिलं, आईनं बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी छताकडे.

लेकीला घरीच शिकवायचं असं या घरानं ठरवलं होतं आणि भिंगरी शिकतही झकास होती. पण वस्तू सांभाळायच्या म्हटलं की आनंदी आनंद! पट्टी सोफ्याखाली, इतिहास माळ्यावर, आणि पृथ्वीचा गोल सापडायचा तो कपड्यांच्या बादलीत.

"मुलगी हुशार आहे, पण हे काही खरं नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा येईन. मागेन ती वस्तू बसल्या जागी हजर झाली पाहिजे. नाहीतर सरळ शाळेत घाला तिला." बाई गेल्या आणि भिंगरीनं असं भोकाड पसरलं की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. तिला शाळा घरचीच हवी होती.

बाबा टपाल कचेरीत खिडकीवर बसत. लेकीचे डोळे पुसता पुसता त्यांचे स्वतःचे चमकले. "आमच्या खिडकीवरचं पेन आजवर कुणी पळवलेलं नाही. का? दोरीनं बांधलंय म्हणून!"

"त्या पेनानं आजवर कुणी काही लिहिलेलंही नाही," आई म्हणाली. "शाई कुठे असते त्यात?"

पण बाबांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. रविवारी त्यांनी सुतळीचा गुंडा आणला आणि घराला कामाला लावलं. पट्टी खिडकीच्या गजाला, इतिहास कपाटाच्या कडीला, खोडरबर टेबलाला, गोल दाराच्या मुठीला. सोमवारी भिंगरीला रेघ मारायची होती. वही स्वयंपाकघरात बांधलेली आणि पट्टी खिडकीत. मायलेकी दोन बाजूंनी ओढत राहिल्या, पण दोघींच्या मध्ये चांगलं हातभर अंतर उरलं.

"दोरी वाढवू, त्यात काय!" बाबा म्हणाले.

दोऱ्या वाढल्या आणि घोटाळाही वाढला. आई चहा घेऊन निघाली, तर पायात दोरी अडकून अख्खी पृथ्वी तिच्यामागे गडगडत स्वयंपाकघरात आली. खोडरबर बाबांच्या कपात पडलं आणि त्यांनी ते बिस्कीट समजून चावलं.

"अहो, एक तर या दोऱ्या राहतील, नाहीतर मी!"

शेवटी भिंगरीच पुढे झाली. तिनं सगळ्या दोऱ्या पडद्याच्या कड्यांमधून वर नेल्या, छताखालून फिरवल्या आणि त्यांची टोकं रंगीत चिंध्या लावून आपल्या खुर्चीशी आणली. लाल ओढली की इतिहास, पिवळी ओढली की कंपास. बाबांची छाती फुगली. "बघितलंस? माझ्यावर गेलीय!"

"गणितात नको जायला म्हणजे मिळवली," आई म्हणाली.

घाव वर्मी बसला. गणित बाबांच्या वाट्याला होतं, आणि गणिताची वेळ झाली की बाबांना गच्चीतल्या कुंड्या आठवत. झारी घेऊन ते जे जात, ते तास संपल्यावरच उगवत. तिथली निम्मी झाडं पाणी पिऊन पिऊन सडली होती. त्यातून सध्या अपूर्णांक चालू होते, आणि अपूर्णांकांना तर बाबा लहानपणापासून घाबरत.

तपासणीच्या दिवशी बाबांनी रजा काढली. सकाळी भिंगरी धावत आली आणि मागून त्यांच्या कमरेला घट्ट मिठी मारून गेली. बाबांना अगदी भरून आलं. पोरीसाठी आज काहीही करायची त्यांची तयारी होती. गणित सोडून.

बाई आल्या, बसल्या. "इतिहास?"

भिंगरीनं लाल दोरी ओढली. पुस्तक छताखालून डुलत डुलत आलं आणि बाईंच्या मांडीवर उतरलं.

"अगं बाई! आणि कंपास?"

तो बाईंच्या अंबाड्याला चाटून गेला, पण आला. मागोमाग पृथ्वीही आली. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसायला लागलं. आता गणिताची पाळी येणार हे ओळखून बाबांनी हळूच झारी उचलली.

"गणिताचं साहित्य?"

भिंगरीनं निळी दोरी ओढली. काहीच आलं नाही. तिनं टेबलाला पाय लावला आणि सगळा जोर लावून ओढली. गच्चीत कुंडी फुटल्याचा आवाज झाला, कुणीतरी "अरे, अरे, अरे!" म्हणालं, आणि झारीसकट बाबा उलट्या पावलांनी खोलीत आले. दोरी त्यांच्या पट्ट्याला मागून बांधलेली होती.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"गणिताचं साहित्य," भिंगरी म्हणाली. "हेच सगळ्यात जास्त हरवतं."

आईनं तोंडात पदर कोंबला. बाई मात्र गंभीर होत्या. "छान. मग घ्या अपूर्णांक."

बाबांनी झारी खाली ठेवली. लेकीचं तोंड एवढंसं झालं होतं. आता घरची शाळा राहणार की जाणार ते बाबांवर होतं. त्यांनी कात्री मागितली. ती हिरव्या दोरीवरून आली. कमरेची दोरी त्यांनी मधोमध दुमडली. "भिंगरी, ही बाबांची दोरी. इथे कापली तर किती?"

"अर्धी!"

"आणि अर्धीची अर्धी?"

"पाव! बाबा, तुला येतं की!"

बाबांनाही तेव्हाच कळलं की आपल्याला येतं. दोरी कापत कापत अष्टमांशापर्यंत येता येता ते मोकळेही झाले होते.

"शिकू दे घरीच," बाई उठत म्हणाल्या. "साहित्य सगळं हाताशी आहे."

भिंगरी बाबांच्या गळ्यातच पडली. या वेळी बाबांनी मागे हात फिरवून कंबर चाचपून पाहिली. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणिताची वेळ झाली. बाबांनी घसा खाकरला, कुंड्यांची चौकशी केली आणि झारी उचलायला गेले. झारी भिंगरीच्या खुर्चीला बांधलेली होती.